हात लावला की जिवंत

...पडलं! पुन्हा पडलं! ऐकलात ना आवाज? तुम्हाला सांगतो, तीन-चार महिन्यांतलं हे पाचवं घड्याळ, आणि मला खिळा ठोकता येत नाही अशातला भाग नाही, बँकेच्या काउंटरवर पस्तीस वर्षं शिक्के हाणलेला माणूस आहे मी, हाणणं म्हणजे काय ते मला शिकवू नका! पण माझ्या भिंतीच्या पलीकडे जो माणूस हाणतो ना, त्याच्यापुढे खिळा काय, घड्याळ काय आणि मी काय... सगळे खालीच यायचे. आमची खोली अठ्ठेचाळीस, त्यांची सत्तेचाळीस. मधे एक भिंत, तीही ब्रिटिशांच्या काळची, आतून नुसता भुगा. पलीकडे गणपत दळवी. गिरणीतले फिटर. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, त्या टॉवरच्या काचा पुसायला माणसं दोरीवर लटकायला लागली, तरी ह्यांच्या हातातली हातोडी काही खाली आली नाही.

साधी हातोडी नव्हे हो. गोल डोक्याची, बाभळीच्या मुठीची, गिरणी सुटताना हिशेबात काय मिळालं न मिळालं देव जाणे, ही मात्र लेंग्यात खोचून आणलेली. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात असते. आणि ह्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं! "मनमोहना," मला म्हणतात, "यंत्र आणि माणूस, दोघांका एकच भाषा कळता." साचा, म्हणजे गिरणीतला माग, अडला, की कान लावायचा, कुठे दुखतंय ते ऐकायचं आणि बरोब्बर तिथेच एक ठेवून द्यायची, साचा चालू! चाळीस वर्षांपूर्वी हे खरं असेलही. पण घरात? टेबलफॅन हातोडीने चालवला, मिक्सर हातोडीने चालवला, मिक्सरचं झाकण माझ्या खिडकीतून आत आलं, गिझरला मारली तेव्हा खालच्या मजल्यावर पाऊस पडला... आणि मी काही बोललो? नाही बोललो. मनातल्या मनात मात्र, तुमच्यापासून काय लपवू, मी ह्या माणसाला सतरा वेळा जिन्यावरून ढकललेला आहे.

तर अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला. त्यांचा मुलगा सुशांत दोह्याला असतो, त्याने घेऊन दिला, बाबांना दशावतार बघता यावेत, कुस्त्या बघता याव्यात, मुलाचं तोंड दिसावं. मोठा डबा, पडदा, आणि सून प्राचीने त्यावर क्रोशाचं कापड घातलेलं. बरं, गणपतरावांनी पण त्याला वर्षभर हातोडी लावली नाही, नीट वागवलं. कॉम्प्युटरही नीट वागला. मग दसरा झाला, दिवाळी झाली आणि काय भूत शिरलं त्याच्यात... हात लावला की जिवंत, काढला की मेला!

म्हणजे कसं? तुम्ही समोर बसा, उंदीर हलवा, चार अक्षरं टाइप करा, इंटरनेट फर्स्ट क्लास. दशावतारातला संकासुर पाहिजे तेवढा नाचतो. तुम्ही उठा, चहा घ्या, पाच-दहा मिनिटांनी परत या, नेट गेलेलं! कोपऱ्यात फुलीची खूण. पुन्हा उंदीर हलवा, जरा थांबा, आलं परत. आता संकासुर काय, दहा मिनिटं उशिरा नाचला तर काय बिघडतं? काही नाही. पण एक गोष्ट अशी आली, की तिथे दहा मिनिटांत अख्खं घर जाणार होतं.

आमची हळदणकर बिल्डिंग पाडायची आहे. टॉवर होणार. खालच्या चार मजल्यांवर गाड्या राहणार आणि पाचव्यापासून माणसं, कारण गाड्यांचे गुडघे दुखतात, माणसांचे नाही! कोणाला कुठला फ्लॅट, हे खोली नंबराप्रमाणे एकेकाला बोलावून ठरवायचं. आणि गणपतरावांची बायको, जाईबाई... तुम्हाला सांगतो, त्या बाईबद्दल वाईट बोलणारा अख्ख्या लालबागमध्ये सापडायचा नाही. दोन्ही गुडघे गेलेले, चार वर्षं जिना उतरलेल्या नाहीत. सकाळपासून गॅलरीत कठड्याला टेकून बसतात आणि तिथून सगळी गल्ली चालवतात. दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, भाजीवालीला हाक, "गो प्रिती, मेथी ताजी आसा काय?" पिशवीत मेथी येते, कोळंबी येते, कधी कोणाचं बाळ दाखवायला वर धरतात, आजारी माणसाच्या घरी पेज पण ह्याच पिशवीतून खाली जाते. ती दोरी म्हणजे त्या बाईचे पाय आहेत. नकाशे आले तेव्हा तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "माका एकविसाव्या मजल्यार न्हेव नकात हां. थय कावळे सुद्धा ओळखीचे नसतले." आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर बसल्या बसल्या दोन दोऱ्या एकमेकींना गाठ मारून जोडतायत! पाचव्या मजल्याचं माप. पाचव्यावर गल्लीच्या बाजूला फ्लॅट किती? चार. खोल्या किती? एकशे चाळीस.

आणि मला कुठे जायचं होतं, ते पण सांगून ठेवतो. बाविसावा मजला, मागची बाजू, जिकडे दळवी नसतील तिकडे. मी नकाशात त्या फ्लॅटवर पेन्सिलीने गोल करून ठेवला होता आणि रोज झोपण्यापूर्वी तो गोल बघायचो.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा, एकेकाला विचारा, संपलं! बोलावलं होतं की. आमचे सेक्रेटरी हेमचंद्र कोठारे, अतिशय सज्जन, शुद्ध बोलणारे, "सभासदांना नम्र विनंती आहे की" असं सुरू करणारे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्येष्ठांना खालचे मजले हवे असल्यास त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार..." कोणीतरी मागून ओरडलं, "दळव्याला खाली, मग आम्ही काय गच्चीवर राहायचं?" झालं! गणपतरावांनी कान लावला, कुठे दुखतंय ते ऐकलं आणि खुर्ची उचलली. लोखंडी खुर्ची हो! पहिली खुर्ची पंख्याला लागली, दुसरी कोठाऱ्यांच्या चष्म्याला, मग काय, ज्याच्या हाताला जे लागलं ते, माइकचा दांडा, पाण्याचा जार, एका बाईने तर पर्समधून अख्खा नारळ काढला. पर्समध्ये नारळ कशाला घेऊन फिरतात लोक? शेवटी कोठारे टेबलाखालूनच म्हणाले, चष्म्याची एकच काच डोळ्यावर, "सभासदांना नम्र विनंती आहे की, पुढील सभा कॉम्प्युटरवर घेण्यात येईल. त्यातून खुर्ची मारता येत नाही."

पद्धत अशी, की सकाळी दहाला प्रत्येकाने आपापल्या घरून लिंक उघडायची आणि बाहेरच्या दालनात थांबायचं. दालन म्हणजे पडद्यावर एक ओळ, 'कृपया प्रतीक्षा करा', बाकी चित्र नाही, आवाज नाही. तुमचा नंबर आला की कोठारे आत घेणार, तीनदा पुकारणार, तुम्ही 'हजर' म्हणायचं आणि फ्लॅट सांगायचा. तीनदा पुकारून उत्तर नाही, तर तुमचं नाव थेट शेवटाला, उरलेलं घ्या! म्हणजे एकविसावा, कचऱ्याच्या खोलीशेजारी. आता मला सांगा, सत्तेचाळीस नंबर येईपर्यंत दीड तास नुसतं बसायचं, हात बांधून, एका ओळीकडे बघत, आणि ह्यांचं यंत्र कसलं? हात लावला की जिवंत, काढला की मेला!

प्राची माहेरी गेली आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात सराव म्हणून दोन सभा झाल्या. पहिल्या सभेला गणपतराव धुतलेला सदरा घालून, मांडी घालून, हाताची घडी घालून यंत्रासमोर बसले. शिस्तीचा माणूस! गिरणीत साहेबापुढे उभं राहावं तसे. जेवढे शिस्तीत बसले तेवढं नेट गेलं. खालून कोठाऱ्यांचा आवाज आला, कॉम्प्युटरमधून नव्हे, जिन्यातून, "सत्तेचाळीस, गैरहजर!" तुम्हाला सांगतो, असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, गणपतरावांच्या घशातून निघाला तो. "गैरहजर? मी? एकवीस वर्षांत एक खाडो नाय माझो, आणि माका गैरहजर म्हणता?" सुशांतने पाठवलेला स्मार्टफोन जवळ होता बिचारा, तो पहिल्यांदा गेला. हातोडीचे दोन फटके. दुसरा कशाला मारला विचाराल तर पहिल्यानंतर तो वाजला म्हणून! माझं दुसरं घड्याळ तेव्हा पडलं.

मग दौलत आला. दौलत म्हणजे नेटवाला, कमरेला पक्कड, खांद्यावर वायरचं भेंडोळं. बसला. उंदीर हलवला. "काका, नेट तर मस्त चालतंय." चालणारच ना, तू हात लावलायस! "काका, काय प्रॉब्लेम नाय." गेला. तो कोपऱ्यावर पोचला नसेल, नेट बंद. पुन्हा बोलावला. पुन्हा बसला, पुन्हा चालू, "काका, तुम्ही काहीतरी करता काय?" गणपतराव म्हणाले, "मी कायच करनंय नाय!" आणि हेच खरं होतं हो, काहीच करत नव्हते म्हणून तर जात होतं! तिसऱ्यांदा दौलतने वायर बदलली, चौथ्यांदा राउटर बदलला, पाचव्यांदा आला तेव्हा दारातूनच हसला. हसायचं नाही हो! लालबागमध्ये ज्याच्या हातात हातोडी आहे त्याच्यासमोर हसायचं नाही! दौलत पुढे, वायर त्याच्या मागे, वायरच्या मागे गणपतराव, तीन मजले खाली, आणि नवा राउटर गॅलरीतून भिरभिरत गेला तो समोरच्या विजेच्या तारांवर जाऊन बसला. तिसरा राउटर आणला तेव्हा तो मी बसवला, कारण दौलतने सांगितलं, "लग्न झालंय माझं, पोरगी लहान आहे, मी येणार नाय."

दुसऱ्या सराव सभेला पण तेच! "सत्तेचाळीस, गैरहजर." ह्या वेळी हातोडी थेट कोठाऱ्यांच्या दारावर. दाराची वरची बिजागरी निखळली. आत कोठारे उशी छातीशी धरून उभे, "गणपतराव, नियम सर्वांना सारखा आहे, शिवाय हा फक्त सराव होता." गणपतरावांनी हातोडी लेंग्यात खोचली. मग हळूच, एवढ्या हळू की मला जिन्यात जेमतेम ऐकू आलं, म्हणाले, "तिचे गुडघे बघलंस तू?" आणि वळून वर आले. त्या रात्री पलीकडून ठोकल्याचा आवाज आला नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला झोप लागेना.

सकाळी उठून मीच गेलो. म्हटलं, गणपतराव, ह्याला मारून चालणार नाही, ह्याला हात लावून ठेवायला लागेल. मग बघा काय दृश्य! जो हात चाळीस वर्षं फक्त हाणत आला, तो हात उंदरावर ठेवून हा सहा फुटी माणूस त्याला गोंजारतोय, इकडे थोडा, तिकडे थोडा, दात आवळून, कपाळावर शीर उडतेय, आणि तोंडाने आरती चालू, "तुझ्या आवशीचो घोव... रव हां, रव, बाबा माझ्या... तुझ्या आवशीचो घोव..." तासभर जमलं. मग हाताला मुंग्या आल्या, खांदा आखडला, हात काढून झटकला, जरा पाठ टेकली, तेवढ्यात डोळा लागला आणि डब्याचाही लागला. हात लावला की जिवंत, काढला की मेला! तेव्हा गॅलरीत येऊन, वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशी त्यांनी शपथ घेतली. आधी देव्हाऱ्यातली हातोडी कपाळाला लावली आणि मग, "ज्येणा माझ्या यंत्राक काय केला आसात, तो माका गावलो तर तेचो हात मोडून तेच्याच गळ्यात बांधतलंय! मगे तो कोण पण असो! घरचो असो नायतर दारचो!"

घरचा असो! हे शब्द लक्षात ठेवा.

रविवार उजाडला. दहा वाजले. आमच्याकडे आमची ही, अनुजा, फोन घेऊन बसली होती, कारण आमचा नंबर दळव्यांच्या मागोमाग. मी मात्र पलीकडे. गणपतराव डाव्या हाताने उंदीर हलवतायत, कारण उजवा पहाटेच दुखावलेला, टेबलावर मूठ आपटून. जाईबाई गॅलरीत, मांडीवर ती जोडलेली दोरी. "अठरा झाले," "सव्वीस झाले," खालून, कोठाऱ्यांच्या दारातून, पोरं ओरडून सांगतायत, "पाचव्यावरचा एक गेला!" गणपतरावांनी मान वळवून गॅलरीकडे पाहिलं, हात थांबला, नेट गेलं. मी ओरडलो, ते ओरडले, उंदीर आपटला, नेट आलं. "चौतीस झाले, पाचव्यावरचा दुसरा गेला!" पुन्हा दचकले, पुन्हा हात उचलला, पुन्हा नेट गेलं, आणि ह्या वेळी हलवलं तरी येईना! गणपतराव उठले. हातोडी काढली. डब्याला कान लावला. मी म्हटलं, संपलं, आता ह्याच्या कपाळमोक्षाबरोबर जाईबाईंचा फ्लॅट पण जाणार, आणि देवाशपथ सांगतो, मी मधे पडलो. मी! मनगट धरलं त्यांचं. त्यांनी हात झटकला आणि मी कपबशांच्या मांडणीवर जाऊन आदळलो.

आणि दारात प्राची. सावंतवाडीला माहेरी बहिणीचं लग्न होतं, पंधरा दिवसांनी परत येत होती, खांद्यावर बॅग, हातात फणसपोळी. फणसपोळी तिने खाली ठेवली, सासऱ्याच्या उगारलेल्या हातोडीखालून वाकून गेली आणि खुर्चीत बसली. "बाबा, सरका." एवढंच! मी पस्तीस वर्षांत असं बोलू शकलो नाही. तिने डबा बंद करून पुन्हा चालू केला, मग कॉम्प्युटरच्या सगळ्या अवयवांची यादी असते ती उघडली, त्यात नेटवर्क कार्ड, म्हणजे ज्या तुकड्यातून नेट आत येतं तो, त्याच्यावर टिचकी, वीज वाचवायचं पान, आणि तिथे एका चौकोनात बरोबरची खूण. तिने मोठ्याने वाचलं, "वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरने हे उपकरण बंद करायला परवानगी." मग हळू म्हणाली, "काम नसलं की हे झोपतंय. हात लावला की उठतंय. ह्याला झोपायची परवानगी दिलीय कोणीतरी."

"कोणी दिल्यान?" गणपतरावांचे डोळे बघायला पाहिजे होते तुम्ही! "नाव सांग! आत्ताच्या आत्ता नाव सांग!" गॅलरीत गर्दी. अनुजा पण आली बघायला, भांडण लागल्यावर फोन घेऊन घरात कोण बसतं? प्राची उठली. रंग उडालेला, पण उभी राहिली, आणि उजवा हात पुढे केला. "मोडा. ही खूण मी केलीय."

हातोडी वर. मला वाटलं, आज इथे काहीतरी होणार, आणि खरं सांगतो, मांडणीखालून मला उठवेना.

"पण का केली ते पण ऐका," प्राची म्हणाली. "खंडेनवमीला तुम्ही ह्याची पूजा मांडलीत. गिरणीत तुम्ही प्रत्येक साच्याचा नंबर पुकारून त्याला हळदकुंकू लावायचात, तसं ह्याच्या एकेका भागाचं नाव वाच, म्हणालात, कोण उपाशी राहता नये. मी यादी उघडली. मी नाव वाचायचे, तुम्ही अक्षता टाकायचात. हे नाव आलं तेव्हा मी म्हटलं, बाबा, हे परवानगी मागतंय, काम नसेल तेव्हा बंद होऊ का म्हणून. दुकानवाल्याने ती काढून ठेवली होती. तुम्ही काय म्हणालात?"

गणपतरावांना आठवलं. चेहऱ्यावरच दिसलं, वरून खाली उतरत गेलं. हातोडी पण त्याच्याबरोबर उतरली.

"मी म्हटलंय..." म्हणाले, "मी म्हटलंय, दी गो. वर्षभर राबता बिचारा. दसऱ्याक कामगारान सुट्टी मागितली तर नाय म्हणणारो मी काय मालक आसंय?"

बघा! आहे की नाही? दसऱ्याची सुट्टी मंजूर केली, पण दुसऱ्या दिवशी कामावर रुजू करून घ्यायला विसरले! तो बिचारा तीन महिने हक्काची रजा भोगतोय आणि हे इकडे फोन फोडतायत, दारं फोडतायत, दौलतला पळवतायत! गणपतराव आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "हात तुझो, पण हुकूम माझो. हुकूम देणाऱ्याचा काय मोडूचा?" आणि गॅलरीतून जाईबाई म्हणाल्या, मान न वळवता, "तोंड. मोडू नकात, नुसता मिटा. खूण काढ गो प्राची."

खूण निघाली, लिंक पुन्हा उघडली. आणि मग तुम्हाला सांगतो, कोणी हात लावला नाही. गणपतराव हात मागे बांधून बसले, तोंड मिटून, दहा मिनिटं, वीस मिनिटं, आणि ती एक ओळ पडद्यावर टक्क जागी! "शेहेचाळीस झा..." पोरं ओरडणार तेवढ्यात पडदा उघडला, कोठाऱ्यांचा नवा चष्मा दिसला. "सत्तेचाळीस. एक वार..."

"हजर!" अहो, काय तो हजर! माझं चौथं घड्याळ त्या हजरनेच पडलं, हातोडी न लावता! "पाचशेतीन! गल्लीकडचो!" कोठाऱ्यांनी लिहिलं. जाईबाईंनी दोरी डोळ्यांना लावली. गणपतराव रडत होते, मोठ्याने, लाज न बाळगता, आणि ह्या माणसाला आनंद झाला की कोणाला तरी आवळायला लागतं, जवळ मी होतो, त्यांनी माझा गळा काखेत धरला.

आणि कोठारे म्हणाले, "अठ्ठेचाळीस. एक वार."

मी! माझा नंबर! फोन कुठे? आमच्या खाटेवर! अनुजा कुठे? गॅलरीत, जाईबाईंबरोबर डोळे पुसतेय! "दोन वार..." मी तोंड उघडलं, बाविसावा म्हणायला, पण माझा कंठ गणपतरावांच्या काखेत, नुसता "बा... बा..." असा आवाज आला. आणि गणपतराव पडद्याकडे बघून गरजले, "तो हयच आसा! माझ्याच हातात आसा! मनमोहनाक पाचशेचार लिव, आमच्या बाजूक!" कोठाऱ्यांनी मला बघितलं, चष्मा नीट केला. "संमती?" मी मान हलवली असती हो! आडवी हलवली असती! पण जाईबाई दारापर्यंत सरपटत आल्या होत्या, ती दोरी हातात घेऊन, आणि म्हणाल्या, "बरा झाला भावोजी. पिशवी खंय अडाकली तर सोडवूक कोणतरी आपला व्हया ना." आता सांगा, काय करणार? गळा मोकळा असता तरी काय केलं असतं मी?

तर आत्ता पलीकडे जे चाललंय ना, ते कप्पी बनवतायत. जाईबाईंच्या पिशवीसाठी, लोखंडी, पाचव्या मजल्यावर बसवायला. टॉवर व्हायला अजून चार वर्षं आहेत, पण ह्यांनी आजपासून घेतलंय घडवायला. काल मी ठेकेदाराला विचारून आलो, नवीन भिंत किती जाडीची? म्हणाला, "चार इंच." आहे ती नऊ इंची आहे.

घड्याळ उचलतो आता. पण भिंतीवर नाही लावत. नाही. त्याला मी सुट्टी मंजूर केली.